दोनशे सतरा नंबर

तुम्ही कुणापुढे तुमची वस्तू ठेवली आणि त्यानं ती हातानं न घेता चिमट्यानं उचलली, तर तुम्ही काय समजाल? शांत डोक्यानं विचार करा, असं मला सांगू नका. शांत डोकं ज्याला परवडतं त्यानं ठेवावं. उज्ज्वल वानखडेला ते कधीच परवडलं नाही.

उज्ज्वल दर्यापूर तालुक्यातला, बहरीनमध्ये एसी टेक्निशियन. तिथल्या हूरा भागात दोन खोल्या, बायको रश्मी आणि नऊ वर्षांची श्रावस्ती. या पोरीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं इंग्रजीत. त्र्याण्णव साली जुफेरला अमेरिकन नेव्हीवाल्याच्या फ्लॅटमध्ये एसी साफ करताना त्या गोऱ्यानं याच्या हातात बुटाचा खोका दिला आणि कचऱ्यात टाक म्हणाला. कुणी फुकट दिलं की उज्ज्वलला आधी संशय यायचा. जिन्यातच त्यानं खोका उघडला. आत बेसबॉल खेळाडूंची रंगीत कार्डं, शंभर-सव्वाशे. टोपी घातलेले, च्युइंगम चघळणारे अनोळखी लोक. हा खेळ त्याला आजतागायत समजला नाही. पण प्रत्येक कार्डाच्या पाठीवर नंबर होता, आणि एका कार्डावर संच चारशेचा असल्याचं छापलं होतं. एवढं त्याला पुरे होतं. अर्धवट काम त्याला बघवत नाही. तीन नटांवर टांगलेला एसी दिसला तर दुसऱ्याच्या घरातही तो खिशातून चौथा नट काढून बसवतो.

हूऱ्याच्या मागच्या गल्लीत हारून मुकादमचं जुन्या सामानाचं दुकान होतं. हारूनभाई दापोलीकडचा, उज्ज्वलपेक्षा दहा वर्षांनी मोठा. जहाज बदललं की अमेरिकन खलाशी टेबलपंख्यापासून कार्डांच्या पाकिटांपर्यंत सगळं त्याच्याकडे फुंकून जायचे. शुक्रवारी सकाळी तिथं कार्डवाल्यांचा अड्डा जमायचा. उज्ज्वलनं तिथं घासाघीस केली, एकाच्या बदल्यात चार दिली, चारच्या बदल्यात एक घेतलं. दुकानामागच्या भिंतीशी शर्यत लागायची. चुटकीनं कार्ड फेकायचं, ज्याचं भिंतीच्या सगळ्यात जवळ पडेल त्यानं सगळ्यांची उचलायची. तिथं उज्ज्वलला कुणी हरवू शकलं नाही. गावात लहानपणी तो माचिसचे छाप असेच जिंकायचा.

जिंकायचा, पण त्याची मजा औरच होती. वरच्या आळीतली पोरं त्याच्याशी खेळायची, हरायची, आणि हा कधी हरला तर याचे छाप बाभळीच्या काडीनं उचलायची. काडीनं उचलून धुळीत घोळवायची, मग खिशात. याच्या बापानं त्याच मातीत विहीर खणली होती. विहिरीचं पाणी चालत होतं, याच्या हातचा छाप चालत नव्हता.

शहाण्णवच्या एप्रिलपर्यंत उज्ज्वलकडे तीनशे नव्व्याण्णव कार्डं झाली. नव्हतं फक्त दोनशे सतरा. हारूनभाईनं निरोप धाडला की ते आलंय.

आता नीट ऐका, कारण सगळी गोम इथं आहे. त्याच्या आधीच्या आठवड्यात उज्ज्वलनं हारूनभाईला शुक्रवारी होणाऱ्या जयंतीच्या कार्यक्रमाचं निळं निमंत्रण दिलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा. हारूनभाईनं ते वाचलं, खिशात ठेवलं, "इंशाल्ला" म्हणाला आणि आला नाही. आणि त्यानंतरच्या शुक्रवारी उज्ज्वलनं अदलाबदलीसाठी डबल कार्डं काउंटरवर पसरली, तेव्हा हारूनभाईनं गल्ल्यातून एक चपट्या टोकाचा, चकचकीत, नवा चिमटा काढला आणि उज्ज्वलची कार्डं एकेक करून त्या चिमट्यानं उचलायला लागला.

तीन वर्षं हा माणूस हातानं घेत होता.

"तीस निवडून घेईन," हारूनभाई म्हणाला. "दोनशे सतरा तुझा. पण तो कमालपण मागं लागलाय. पुढच्या जुम्म्याला आला नाहीस तर त्याला देणार, मग बोलू नको."

उज्ज्वलनं आपली कार्डं गोळा करून खिशात घातली. चहा आला. दुकानात काचेचे चारच ग्लास होते, हारूनभाई स्वतःच विसळायचा. चहा पिऊन झाल्यावर उज्ज्वलनं खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि काउंटरखाली हात नेऊन ग्लासाच्या बुडाला एक आडवी रेघ ओरखडली. आपला ग्लास आता वेगळा ठेवला जातो का, हे त्याला बघायचं होतं.

घरी रश्मीनं जेवायला वाढलं तर यानं ताट सरकवलं.

"काहून? कार्ड नाही भेटलं का?"

"भेटते. पण मी भीक घ्याले नाही गेलो तिथं."

सगळं ऐकल्यावर रश्मी म्हणाली, "विचारून टाका ना त्याले तोंडावर."

"विचारल्यावर कोणी हो म्हणते का? आजवर म्हटलं का कोणी?"

"पप्पा, इट्स जस्ट अ कार्ड," श्रावस्ती म्हणाली.

उज्ज्वलनं तिच्याकडे बघितलं. तिच्या हातचं अजून कुणी काडीनं उचललं नव्हतं. बरंच होतं ते.

पुढच्या शुक्रवारी तो दुकानात गेलाच नाही. तीस कार्डं खिशात ठेवून समोरच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे किराणा दुकानात, सोड्याचा डबा घेऊन काचेआड उभा राहिला. कमाल आला. कमाल महाडचा, अरादला राहणारा ड्रायव्हर. त्यानं कार्डांचा गठ्ठा काउंटरवर आपटला आणि हारूनभाईनं तो चक्क हातानं उचलला. अंगठ्याला थुंकी लावून मोजला! चिमटा शेजारीच पडलेला.

झालं. सोडा तिथंच ठेवून उज्ज्वल रस्ता ओलांडून आत घुसला.

"याची कार्डं हातानं, अन् माझी चिमट्यानं? काहून, हारूनभाई? माझ्या हातचं चालत नाही का आता तुमाले?"

"काय झाला रे तुला? डोका फिरला काय?"

"निमंत्रण दिलं तवा कळलं ना मी कोण ते? चिमटा तवाच आला ना दुकानात?"

हारूनभाईनं चिमटा उचलून दाखवला. "अरे, चिमटा एक गोरा देऊन गेला, पोस्टाची तिकिटं जमवणारा. बोलला, बोटाचा घाम लागला तर कार्ड खराब होतो. कमालची कार्डं बघ, तेलाचे डाग पडलेत त्यांवर. त्यांना चिमटा कशाला लावू? तुझी कोरी असतात, म्हणून तुझ्याच कार्डांना लावतो."

"ओ हारूनभाई, तेलाचे कुणाला म्हणता?" कमाल म्हणाला.

"तू गप बस. खाता खाता पत्ते पिसतोस."

उत्तर बिनतोड होतं. म्हणूनच उज्ज्वलला ते पटेना. बिनतोड उत्तरं त्यानं आयुष्यभर ऐकली होती. शाळेत मागं का बसवलं, याचंही मास्तरकडे बिनतोड उत्तर होतं.

त्याची नजर कमालच्या हाताकडे गेली. त्यानं कमालच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि उरलेल्या चहासकट उलटा केला. चहा फरशीवर. बुडाला आडवी रेघ.

"हा ग्लास याच्याकडे कसा?"

"कसा म्हणजे? चार तर ग्लास आहेत," हारूनभाई म्हणाला. "सकाळी मीच प्यालो त्यात. त्याच्या बुडाला काय सोन्याचा पत्रा आहे?"

उज्ज्वल रेघेवरून बोट फिरवत राहिला. मग त्यानं सांगितलं. रेघ कशाला मारली ते, माचिसचे छाप, बाभळीची काडी, धूळ. हळू आवाजात, आणि रागातच. कमाल फरशीवरचा चहा पायानं पुसत उभा राहिला.

हारूनभाईनं चिमटा गल्ल्यात टाकला. प्लॅस्टिकच्या कव्हरमधून दोनशे सतरा बाहेर काढलं, खेळाडूच्या छातीवर स्वतःचा अंगठा कचकन दाबला आणि कार्ड उज्ज्वलच्या तळहातावर ठेवलं.

"घे. अर्धा मोल गेला त्याचा."

चकाकीवर अंगठा उमटला होता, रेघ न् रेघ दिसत होती.

"या अल्ला!" कमाल कळवळला. "असं करायचं होतं तर मला का नाही दिलंत?"

उज्ज्वलनं आपली तीस कार्डं पुढे केली. हारूनभाईनं ती मुठीत धरून शर्टाच्या खिशात कोंबली.

"कार्यक्रमाले काहून नाही आले?" उज्ज्वलनं दारातून विचारलं.

"जुम्म्याला दुकान कोण बघणार?"

हे उत्तर उज्ज्वलला अजूनही पुरतं पटलेलं नाही. पुढच्या वर्षी त्यानं पुन्हा निमंत्रण दिलं, बघू म्हणून.

संच पूर्ण आहे. हूऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत कपाटाच्या वरच्या फळीवर अल्बम आहे, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकासमोर तो उघडला जातो. कधी बहरीनला गेलात तर जा त्यांच्याकडे. रश्मीवहिनी चहा देतील. अल्बम समोर येईल, आणि उज्ज्वल तुमच्या तोंडाकडे नाही, तुमच्या बोटांकडे बघत बसेल. तेव्हा एक करा. कार्ड कडेला धरून उचलू नका, रुमाल काढू नका, जपून हात लावतोय असं दाखवू नका. दोनशे सतरा नंबर बाहेर काढा, आणि हारूनभाईच्या अंगठ्याशेजारी तुमचाही अंगठा दाबून उमटवा.