आईचं पद सिनेमात

आमच्या नाटकावर सिनेमा येणार ही बातमी मंडळाच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर आली आणि तासाभरात तिथं भांडणं लागली. आमचं नाटक म्हणजे आम्ही लिहिलेलं नव्हे. जुनंच संगीत नाटक, महाराष्ट्रात गाजलेलं. पण हैदराबादच्या आमच्या मराठी मंडळानं ते इतकी वर्षं आणि इतक्या वेळा केलंय की आम्ही त्याला ‘आमचं’च म्हणतो, आणि पुण्यामुंबईकडचं कुणी त्याबद्दल शहाणपणानं बोलायला लागलं की आमच्या कपाळाला आठ्या पडतात. नायिका कोण होणार, ती स्वतः गाणार की नुसते ओठ हलवणार, पदं किती ठेवणार आणि किती कापणार, यावर काचीगुड्यापासून हिमायतनगरपर्यंत सगळे तावातावानं लिहीत होते. एका काकांनी तर सिनेमाचं शूटिंग सुरू व्हायच्या आधीच ‘वाट लावली’ असा निकाल देऊन टाकला.

आई ग्रुपवर काही लिहीत नाही. पण या सिनेमाची वाट तिच्याइतकी कुणीच पाहिली नसेल. लग्न होऊन ती काचीगुड्यात आली तेव्हापासून मी कॉलेजात जाईपर्यंत त्या नाटकातली नायिका तीच होती. दुसऱ्या अंकात नायिका घाटावर उभी राहून नावेची वाट बघते, तिथं एक पद आहे. मंडळात त्या पदाला त्याच्या शब्दांनी कुणी ओळखत नाही. ‘वहिनींचं पद’ म्हटलं की पेटीवाल्यापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळतं.

पुढे ते काम तिच्याहून लहान बायकांकडे गेलं, तेव्हा आमच्याकडे एक रीत पडली. स्टेजवरची नायिका पद म्हणत शेवटच्या ओळीशी येते, थांबते आणि समोर बघून हात जोडते. मग प्रेक्षकांत बसलेली आई उठून ती ओळ पुरी करते. लगेच वन्स मोअर. पेटीवाले काका पट्ट्यांवरून बोटं उचलतसुद्धा नाहीत, कारण वन्स मोअर येणार हे ठरलेलंच. आईनं आता पंच्याहत्तरी ओलांडलीय. वरच्या सुरात आवाज चिरकतो, श्वास पुरत नाही, तरी लोक डोळे पुसत टाळ्या वाजवतात. मलाही ते गोड वाटायला हवं, पण मला घाम फुटतो. ती ओळ संपेपर्यंत मी चपलेचा अंगठा बघत बसते, लहानपणी आई स्टेजवर गायची तेव्हाही बसायची तशीच.

सिनेमाचा टीझर आला आणि त्यात नेमकं तेच पद निघालं. नदीवरचं धुकं, पाठमोरी नायिका आणि सुरुवातीची आलापी, बस, एवढंच. आई फोन पूर्ण आवाजात लावून ते पुन्हापुन्हा ऐकायची आणि आलापी संपली की पुढचं पद कणीक मळता मळता स्वतःच म्हणायची.

“बघ गं, आपल्याच पेटीचा सूर धरलाय त्यांनी,” ती म्हणायची. “थेटरात कसं घुमंल ते!”

ते ‘घुमंल’ ऐकलं आणि मी ओळखलं, ही थेटरातही उठून ओळ म्हणणार.

आमच्या गावात मराठी सिनेमाला खेळ मिळणं म्हणजे कर्मकठीण. मंडळानं थेटरवाल्यांच्या मागे लागून एका रविवारी सकाळचा एकच खेळ मिळवला. आमची माणसं अर्धं थेटर भरणार होती आणि उरलेली तिकिटं ज्याला हवी त्याला. ती घेतलेल्यांत माझ्या ऑफिसातल्या दोन मुली होत्या. दोघी पुण्याच्या, हुशार, मनानं चांगल्या. पण एकदा माझ्या तोंडून ‘हौ’ गेलं तेव्हा त्यांतली एक म्हणाली होती, “मॅडम, तुमचं मराठी कित्ती क्यूट आहे!” मी हसले खरी. त्या दिवसापासून त्यांच्यासमोर मी जपून ‘हो’ म्हणते. आणि याच मुलींपुढे मी फुशारकी मारून बसले होते, की माझी आई त्या नाटकात नायिका असायची.

आता मला दिवसाढवळ्या एकच चित्र दिसायला लागलं. अंधारं थेटर. पडद्यावरची नायिका शेवटच्या ओळीशी येते. आई खुर्चीतून उठते आणि ओळ उचलते. पण ही नायिका हात जोडून थांबणारी नव्हे. ती तिच्या पट्टीत पुढे जाणार, आई आपल्या पट्टीत मागे राहणार, आणि पुण्याच्या मुली खाली मान घालून हसणार.

आईला तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती. मी ग्रुपवर सूचना टाकली. सिनेमागृहात वन्स मोअर देऊ नये, पदांबरोबर गाऊ नये, घरचे डबे आणू नयेत. डब्याचं मी मुद्दाम घातलं, म्हणजे सूचना सगळ्यांना आहे असं वाटावं. आईनं चष्मा लावून ती वाचली, “चांगलं लिहिलंस,” म्हणाली आणि फोन चार्जिंगला लावला.

त्या रविवारी आमचं मंडळ लग्नाला आल्यासारखं नटून आलं होतं. आई सुलतान बाजारातून खास आणलेलं जांभळं, जरीकाठाचं लुगडं नेसली होती, अंबाड्यावर गजरा होता. डबे अर्थात आलेच. दारावरच्या माणसानं एका काकूंची पिशवी अडवली तेव्हा त्या म्हणाल्या, “साबूदाना है जी, बम नक्को समझो.” पिशवी दारातच राहिली आणि काकूंचं तोंड इंटरव्हलपर्यंत फुगलेलं राहिलं.

सिनेमा सुरू झाला. नायकाचं पहिलं पद संपलं आणि मागून खणखणीत आवाज आला, “वन्स मोअर!” आधीच निकाल देऊन बसलेले तेच काका. पाठोपाठ आणखी तिघं. पडद्यावरचा नायक तोपर्यंत घोड्यावर बसून निघालासुद्धा होता. आपलं ऐकू गेलं नाही असं वाटून काका उभे राहून आणखी जोरात ओरडले. टॉर्च घेऊन एक माणूस धावत आला, सगळं थेटर खदखदून हसलं, पुण्याच्या मुलीही हसल्या. मी खुर्चीत इतकी खाली सरकले की पुढच्या खुर्चीला गुडघे टेकले. ही माझी माणसं नव्हेत, मी यांच्यासोबत आलेली नाही, असं चेहऱ्यावर कसं दाखवायचं याचा मी विचार करत होते. आई मात्र पडद्यावरून नजर हलवत नव्हती.

इंटरव्हलमध्ये मी तिला पाणी दिलं, बाथरूमला नेऊन आणलं. ‘आई, तेवढी ओळ म्हणू नकोस,’ हे वाक्य चारदा ओठांवर आलं आणि चारदा मी ते गिळलं. परत येऊन बसलो तर पुण्याच्या मुली जागा बदलून आमच्या मागच्याच रांगेत आलेल्या. झालं, म्हटलं, आता तमाशा जवळून बघणार.

मग घाट आला. धुकं आलं. आईनं पर्स माझ्या मांडीवर ठेवली, पदर सारखा केला, ताठ बसली आणि घसा खाकरला. मी डोळे मिटले. आलापी सुरू झाली, तीच, टीझरमधली. थेटरभर घुमली. आणि तिथंच संपली. मी डोळे उघडले तेव्हा नाव काठाला लागली होती आणि नायिका तिच्यात चढत होती. पद नव्हतंच. कापलं होतं. मागं कुजबुज सुरू झाली, “अहो, पद कुठंय? वहिनींचं पद?”

माझ्या मनात पहिला शब्द आला तो ‘सुटले’.

हे लिहिताना हात अडतो आहे, पण तोच शब्द आला. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा मी श्वास सोडला आणि हसऱ्या चेहऱ्यानं आईकडे वळले. तिची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. पडद्यावर नाव गेली, दरबार भरला, कुणी कुणाला बोल लावत होतं, आणि आईची बोटं चालूच होती. न वाजलेलं पद तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंड न उघडता पुरं केलं. शेवटच्या ओळीशी बोटं जराशी थांबली, कुणीतरी हात जोडायला वेळ द्यावा तशी. मग तिनं ती ओळही गुडघ्यावरच म्हटली आणि हात मांडीत घेतले. इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती. काकांच्या आरडाओरड्याची जी वाटली होती ती शरम नव्हतीच, तो नुसता तोरा होता.

सिनेमा संपल्यावर आई उठेना. नावांची यादी वर सरकत होती. “नावांवर घातलं असंल कदाचित,” ती म्हणाली. नावांवर नगारे वाजत होते. दिवे लागले तेव्हा ती उठली.

बाहेर पुण्याच्या मुली धावतच आल्या आणि आईच्या पाया पडल्या. त्यांतली एक जवळजवळ रडवेली झाली होती. “काकू, असं कसं कापलं हो? इंटरव्हलमध्ये त्या साबूदाण्यावाल्या काकूंनी सांगितलं आम्हाला, ती शेवटची ओळ तुम्ही म्हणता म्हणून. आम्ही तेवढ्यासाठीच मागे येऊन बसलो होतो. आता म्हणा ना! इथंच!”

मंडळाची माणसं भोवती गोळा झाली. मीही म्हणाले, “म्हण की, आई.” मी म्हणाले! कोणत्या तोंडानं, ते माझं मला माहीत.

आईनं त्या मुलीच्या गालावरून हात फिरवला. “नक्को बेटा, आज आवाज बसलाय. फिर कब्बी.” आवाज मुळीच बसलेला नव्हता. सकाळी आंघोळ करताना ती गातच होती.

ऑटोत बसल्यावर मी सिनेमावाल्यांवर तोंड सोडलं. यांना अक्कल नाही, सगळ्या नाटकाचा प्राण त्या पदात आणि नेमकं तेच कापलं, काका म्हणत होते तेच खरं. मी थांबतच नव्हते. आईनं गजरा सोडून हातात घेतला होता.

“जाऊ दे गं. कशाला परेशान व्हायलीस?” ती म्हणाली. “असतं तरी मी म्हणणार नव्हते. घरूनच ठरवून निघाले होते.”

“का?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“तुला आवडत नाही ना.” आवाजात राग नव्हता, भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तसं ती सांगत होती. “लहानपणी मी तुला हौसेनं पहिल्या रांगेत बसवायची. स्टेजवर दिव्यांनी डोळे दिपतात, मागचं कुणीच दिसत नाही. पहिली रांग तेवढी दिसते.”