आयेनं लावलेला शेंदूर

"पूस ते," शाळेचे अध्यक्ष मला म्हणाले. "हा काय म्हसोबा आहे?"

खुर्च्यांवरचे पाहुणे हसले. शाळेच्या भिंतीवरच्या काळ्या दगडी पाटीचा पडदा नुकताच सरकला होता. माझ्या आयेनं पुढे होऊन पाटीला शेंदूर लावला, खाली तांदूळ ठेवले, मोहाच्या दारूचे चार थेंब शिंपडले होते. मी त्याच शाळेत स्वयंपाक करायची. फडकं शोधायलाही थांबले नाही. पदरानं पुसलं. आये बघत होती.

शेंदूर लवकर निघत नाही. पसरतो. मी घासत राहिले.

"ताई, जरा बाजूला," फोटोवाला म्हणाला.

पाटी सरांची, ते वारल्यावर लावलेली. सर मुंबईच्या कॉलेजात शिकवायचे. आमच्या सूर्यमाळच्या डोंगरावर पहिला बिनतारी टेलिफोन त्यांनी आणला. मनोऱ्याचे लोखंडी तुकडे माझा बा खांद्यावर घेऊन चढला. दुपारी सर आमच्या अंगणात नागलीची भाकर खायचे आणि मला अक्षरं शिकवायचे. माणूस चांगला होता, ते मी नाकारत नाही.

वाऱ्यानं वाकडा झालेला अँटेना सरळ करायला बा वर चढला आणि पडला. त्याच टेलिफोनवरून सरांनी जव्हारहून गाडी बोलावली. रस्ता नव्हता, गाडी खालीच थांबली. झोळीतून उतरवताना बा वाटेत गेला.

आमच्यात गेलेल्या माणसाचा चिरा बसवतात, घोडा आणि चंद्र-सूर्य कोरलेला दगड. तो बसेपर्यंत त्याला पूर्वजांत जागा नाही. चिरा म्हणजे सगळ्या भावकीला जेवण. आम्हाला ते कधी जमलं नाही. सरांच्या नावानं दगड बसतोय हे ऐकल्यावर आयेला वाटलं, दोघांनी मिळून काम केलं, दोघांचा मिळून चिरा. मला वाचता येत होतं. पाटी आली तेव्हाच मी तिला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्याची मला अजून लाज वाटते.

घरी जाताना तिनं विचारलं, "तुज्या बाचा नाव कठं हाय त्याच्यावर?"

पाटीवर होतं, 'हा दुर्गम डोंगर त्यांनी एकट्याने जगाशी जोडला.'

"नाय लिवलेला, आये."

तिनं उरलेल्या शेंदराची पुडी कनवटीला खोचली आणि पाड्याकडे चालू लागली.

महिन्याभरानं पुन्हा पाहुणे यायचे होते. अध्यक्ष चुलीपाशी आले. "पाटी धुऊन ठेव. आणि तुझ्या आईला आणू नकोस."

मी पळी खाली ठेवली. पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "नाय धुवायची मी. आणि माझी आये येल."

"काम नकोय का तुला?"

मी पदराला हात पुसले आणि बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी तिथं नवी बाई आली.

शाळेच्या फाटकासमोर आमचं नागलीचं शेत आहे. तिथं बाचा चिरा बसणार. जेवणाशिवाय बसणार, भावकी रुसली तर रुसू दे. घोडा आणि चंद्र-सूर्य कोरणारा कोरील. नाव मी कोरणार. सरांची पाटी बघायला येणाऱ्याला आधी ते वाचावं लागेल. शेंदूर आये लावील. तो कुणी पुसून दाखवावा.