उभा न राहणारा बैल

पेंटरकाकांनी काढलेला बैल कधी उभा राहिला नाही. साताऱ्याला आमच्या वरच्या खोलीत ते आणि काकू भाड्याने राहायचे. दिवसभर काका दुकानांच्या पाट्या रंगवायचे; एकेक अक्षर सरळ, ठाशीव. घरी स्वतःसाठी चित्र काढायला बसले की सगळं तिरकं व्हायचं. पायांवर पाय, तुटक चाकं, धुळीचे पिवळे फटकारे आणि मधून सुसाट गेलेली एक लाल रेघ.

मी यादी करून बाजारात जाणारी बाई. मला प्रत्येक गोष्ट जागच्या जागी लागते. विचारलं, "काका, यात बैल कुठाय?"

"बैल गेला की फुडं. तूच उशिरा आलीस."

काकू ओट्यापासून म्हणायच्या, "घरातला पंखा फिरंना, आन भितीवर वारं सुटलंय!"

एकदा ओळखीचे चित्रकलेचे मास्तर अशाच एका चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, युरोपात पूर्वी नुसता वेग आणि मनातली खळबळ रंगवणाऱ्यांचा एक पंथच होता, फ्युचरिस्ट नावाचा. काका ब्रश पुसत म्हणाले, "त्येंचं बी कोन तरी पळत गेलं आसंल."

लाल रेघ काकांच्या धाकट्या भावाच्या फेट्याची, हे काकूंनी सांगितलं. औंधकडच्या त्यांच्या गावात तो शर्यतीत गाडी हाकायचा. त्या दिवशी निशाण त्यानेच आधी ओलांडलं. काका कडेला नाचत होते. बैल मात्र थांबले नाहीत. पुढच्या बांधावर गाडी उलटली, आणि भाऊ तिथेच गेला. काकांच्या एकाही चित्रात निशाण नाही. "निशाण काडलं की शर्यत सपली," ते म्हणायचे. "पळतोय तवर त्यो हाय."

शेवटच्या आजारात काकांनी आपलं सगळ्यात मोठं चित्र पलंगावरून दिसेल असं लावायला सांगितलं. कोपऱ्याजवळ खिळा रिकामा होता. मी चित्र टांगलं, सरळ केलं, हात झटकले. काका धडपडत उठून बसले.

"आगं, कोपऱ्यात घालतीस व्हय त्येला? भितीवर आपटंल की त्यो!"

मी समोरच्या भिंतीत नवा खिळा ठोकला. आता धाव दाराकडे होती.

"दार उगडं ठिव," म्हणाले, आणि आडवे झाले. दुपारी काकू चहा घेऊन गेल्या, तेव्हा काका अंथरुणातच गेले होते. दार उघडंच होतं.

काकूंनी ते चित्र मला दिलं. आता आम्ही सांगलीला राहतो; इथे ते आमच्या दाराशेजारी आहे, तोंड दाराकडे. संध्याकाळी कडी लावताना हात अडखळतो. लाल रेघ चौकटीच्या अगदी कडेला आली आहे. लावलं तेव्हा ती इतकी पुढे होती का, आठवत नाही. आणि मी असल्या गोष्टी विसरणारी बाई नाही.