बारशाआधी गेलेली बहीण
कार्बन पेपरचा वास आला की राजारामपुरीतली ती दुपार आठवते. मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथातल्या लोकांच्या पवित्र कथांवरचा प्रबंध मी कार्बन घालून लिहीत होतो आणि त्यांच्या ग्रंथाचे सोन्याचे पत्रे उचलायला शंभर पैलवान लागले, अशा थापा अख्ख्या तालमीला मारून झाल्या होत्या. शेंगा फोडता फोडता आईनं विचारलं, "ती लोकं मेलेल्यांची नावं लिवून ठेवत्यात, मग वर समदी घरची भेटत्यात, व्हय रं?" "व्हय की." "मग तुझ्या भणीचं नाव पाठीव की." माझ्या पाठची बहीण बारशाआधीच गेली होती. "तिला नावच न्हाय की गं." "गावभर थापा मारतोस, आन् एक नाव सुचंना व्हय?" खरंच सुचलं नाही. आता आई नाही, आणि मला रोज एक नवं नाव सुचतं.