उशीर नव्हे, मंदन

माझी बायको पुण्यात मराठी शाळेत विज्ञान शिकवायची. माझ्या नोकरीपायी आम्ही आम्स्टरडॅमला, बुइटनव्हेल्डर्टला राहायला आलो आणि तिचं शिकवणं सुटलं. चार वर्षं ती चिकाटीने डच शिकत राहिली. तेवढ्या काळात माझी गाडी 'धन्यवाद'च्या पुढे सरकली नाही. मग २०१५ साली एका शाळेने तिला चाचणीचा तास घ्यायला बोलावलं. तास जमला तर नोकरी. विषय होता ब्रेक लावलेल्या गाडीची गणितं.

आदल्या रविवारी तिने मलाच विद्यार्थी केलं. पुस्तकातल्या आगगाडीला 'फरत्राखिंग' होती. हा शब्द मला पाठ. माझं ऑफिस स्लोटरडाइकला, तिथे स्टेशनवर रोज कानावर पडायचा.

"गाडी लेट आहे," मी ऐटीत म्हणालो.

"मलाही आधी तेच वाटलं. पण उशीर कधी मीटरमध्ये मोजतात का? इथे त्याच शब्दाचा अर्थ मंदन. वेग किती भराभर कमी होतोय, ते."

मी तीन समीकरणं घोकून पास झालेला गडी. कुठलं कुठे लावायचं, देव जाणे. तिने एकही समीकरण लिहिलं नाही. उभा वेग, आडवी वेळ, असा आलेख काढला. वेग सेकंदाला वीस मीटर, दर सेकंदाला ०.८ ने घटणारा. म्हणजे थांबायला पंचवीस सेकंद, हे मीही सांगितलं. तिने उतरती रेषा शून्याला टेकवली आणि खालचा त्रिकोण रंगवला.

"याचं क्षेत्रफळ म्हणजेच गाडीने कापलेलं अंतर."

पंचवीस गुणिले वीस, त्याचं अर्धं. अडीचशे मीटर. चाळिशीत मला ते पहिल्यांदा कळलं आणि फार आनंद झाला. असं शिकवणारं माणूस चार वर्षं घरी बसून होतं, याचं वाईटही वाटलं.

तासाच्या दिवशी मी लवकर घरी आलो. ती आली आणि कोट न काढताच खुर्चीत बसली.

"अडखळलीस का?"

"दोनदा. पोरं हसली. मग मी त्यांना उशिराचा घोळ सांगितला, तेव्हा तर पोट धरून हसली. पण त्रिकोण सगळ्यांनी काढला."

"आणि नोकरी?"

"मिळाली," ती म्हणाली, जणू दूध मिळालं. "अरे, शेवटच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. म्हणाली, मेफ्राउ, गाडी थांबत नसून सुटत असेल तर? इथे शिक्षिकेला मेफ्राउ म्हणतात."

तिचे डोळे भरून आले होते.

"म्हणजे बाईच की रे. चार वर्षांनी मला कोणीतरी बाई म्हणालं."