शिट्टी होण्याआधी

धाकट्या बहिणीकडे गेले होते. ओट्यावर कुकर होता. शिट्टी थरथरू लागली, वाफेचा बारीक फवारा सुटला आणि काही कळायच्या आत माझ्या हाताने गॅस बंद केला.

"अगं ताई, डाळ कच्ची राहील ना!"

आमच्या घरी कुकर माळ्यावर आहे. माझ्या नवऱ्याच्या, सुधीरच्या कारखान्यातला बॉयलर फुटला आणि त्याच्या डोळ्यांदेखत शेजारी उभे असलेले दोघे गेले, तेव्हापासून. डाळ मी पातेल्यात शिजवते. आवाज करायचा तर आधी सांगते, "मिक्सर लावतेय हं." बाहेरच्या खोलीतून तो म्हणतो, "लाव," आणि खुर्चीचे हात घट्ट धरतो. एका माणसाची भीती अशी घरभर पसरते. ताटं ठेवताना, कडी लावताना आपणही हळू होत जातो.

पण सगळेच आवाज सांगून येत नाहीत. समोरून वरात गेली, फटाक्यांची माळ लागली, तेव्हा तो बाथरूममध्ये कडी लावून बसला होता आणि मी बाहेर, दाराला पाठ टेकून. "विसरायला हवं आता त्यांनी," असं लोक म्हणतात. जणू तो मुद्दाम आठवत बसतो! अशा वेळी फार संताप येतो मला. लोकांचा येतो, आणि खोटं कशाला बोलू, कधीकधी त्याचाही.

बहिणीच्या लक्षात आलं असावं. तिने पुन्हा गॅस पेटवला आणि हळूच म्हणाली, "ताई, शिट्टी होईल हं."

"होऊ दे," मी म्हटलं, आणि पाहिलं तर ओट्याची कड मी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.