शाळेची टिनं कुठे गेली?

पोळा जवळ आला, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजू लागल्या की इतक्या वर्षांनंतरही मला ते प्रकरण हमखास आठवतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांची आठवण काढावीशी वाटत नाही. हे प्रकरण मात्र मी हौसेने सांगतो. घरच्यांनी ते इतक्यांदा ऐकलंय की मी सुरुवात केली की सूनबाई चहा टाकायला उठते. म्हणून या वेळी लिहूनच काढतो. नाव कुणाचंच घेणार नाही.

गोष्ट एकोणीसशे पन्नास ते साठच्या दरम्यानची. वाशीम जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता, सगळा कारभार अकोल्याहून चाले. आसेगावच्या बाजूला एका लहान ठाण्यावर मी ठाणेदार होतो. सकाळी हजेरी, बंदुकांची तपासणी, रोजनामच्यात नोंदी आणि दुपारी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडलेले भाऊ समोर उभे, असा तो दिनक्रम. पोळ्याच्या दिवशी मात्र ठाणं रिकामं करून सगळे बंदोबस्ताला. तोरणाखालून पहिली जोडी कुणाची जायची यावरून दरवर्षी कुठे ना कुठे डोकी फुटत, म्हणून मी स्वतः हद्दीतल्या सर्वांत मोठ्या गावी जाऊन उभा राही.

या गावात एक खासगी हायस्कूल होतं. स्वातंत्र्यानंतर आसपासच्या गावांनी मिळून काढलेलं. कुणी दगड दिले, कुणी सागाची लाकडं, ज्याच्याजवळ काही नव्हतं त्याने अंगमेहनत केली. कारभार पाहायला एक कमिटी नेमली आणि गावातले एक मोठे जमीनदार अध्यक्ष झाले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. वजनदार माणूस, पण नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. कमिटीची बैठक त्यांच्या ओसरीवर व्हायची आणि ठराव त्यांच्या मनात. पालकांपैकी कुणी काही विचारलं की ठरलेलं उत्तर मिळे, 'कमिटी पाहून घेईल.'

पोळा भरला. झुली, बाशिंगं, रंगवलेली शिंगं. सगळ्या जोड्या ओळीने उभ्या. तोरण तुटण्याआधी वऱ्हाडात झडत्या म्हणतात. पोलिसांची झडती वेगळी, ही झडती म्हणजे जागेवर रचलेली चार यमकं. त्यात गावातल्या कुणाचीही टर उडवायची मुभा असते आणि त्या दिवशी कुणी मनावर घ्यायचं नसतं. दोन-तीन झडत्या झाल्या, हशा झाला. मग एक उंच, हडकुळा शेतकरी आपल्या जोडीपुढे आला आणि हात वर करून ओरडला :

'दगड देल्ला, माती देल्ली, देल्ला सागाचा खांब,
टिनाचं नाव काढलं तं कमिटी मंते, थांब!
शाळंच्या टिनाइषयी कमिटी झाली मुकी,
पोरं आमची पावसात ओली, कमिटी घरात सुकी!
हर बोला हर हर महादेव!'

सगळा पोळा 'हर हर महादेव' म्हणून गरजला. टिनं म्हणजे छपराचे पत्रे, आणि शाळेचे पत्रे गायब आहेत एवढं त्या झडतीवरून मला कळलं. मी पाहत होतो ते अध्यक्षांकडे. त्यांचा चेहरा पडला, आणि मग लाल झाला. आधी पडला, मग लाल झाला, हा क्रम मी लक्षात ठेवला. नुसत्या अपमानाने माणूस एकदम लाल होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अध्यक्ष ठाण्यात हजर.

"ठाणेदार साहेब, भर पोळ्यात माही बदनामी केल्ली त्यानं. आत टाका त्याले."

मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे, त्यासाठी कोर्टात जावं लागेल, हे समजावून सांगितलं. मग सहज विचारलं, "पण ती टिनं गेली कुठे?"

"ते कमिटीचं काम हाय."

"चोरीला गेली असतील तर रिपोर्ट द्या. चोरी दखलपात्र आहे, मी आत्ता लिहून घेतो."

अध्यक्षांनी उपरणं झटकलं आणि रिपोर्ट न देताच निघून गेले. ज्याची वस्तू चोरीला जाते तो आरडाओरडा करतो, हा पोलिसांचा साधा अनुभव. जो करत नाही त्याला वस्तू कुठे आहे ते ठाऊक असतं.

दुपारी तो झडतीवाला शेतकरी आला. मला वाटलं, घाबरून आला असेल. तो रडवेला झाला होता, पण भीतीने नव्हे.

"सायेब, मले काय कराचं ते करा. पोरीनं काय केल्लं?"

झालं होतं असं. अध्यक्षांनी सकाळी हेडमास्तरांना निरोप धाडून त्याच्या मुलीचं नाव शाळेतून कमी करायला लावलं होतं. मुलगी नववीत होती. त्या शाळेत नववीपर्यंत पोचलेली ती एकटीच मुलगी. तिला आठवीत बसवताना भावकीत बोलणी खाल्ली होती त्याने. आता नाव कटलं म्हणजे शिक्षण संपलं आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न, हे सगळ्या गावाला कळत होतं. त्यालाही.

"टिनाचं मी काही खोटं बोललो काय? उन्हाळ्यात दोन नव्या वर्गांसाठी टिनं आली, आमीच उतरवली. शाळंचं नाव लाल रंगानं टाकलं त्याच्यावर. पानी येण्याच्या आंधीच गायब. चारदा इचाराले गेलो. मंते, तू आपली वावरातली पऱ्हाटी पाह्य. काहून बाप्पा? शाळेत लेकरू माहं हाय, मी काहून नाही इचाराचं?"

मला त्याचा राग पटला, आणि खरं सांगायचं तर आवडलाही. त्याची तक्रार मी लिहून घेतली आणि चौकशी सुरू केली.

टिनं म्हणजे खिशात घालून न्यायची वस्तू नाही. गाडी लागते, बैल लागतात, गाडीवान लागतो. शाळेजवळ एवढं ओझं ओढणारी गाडी अध्यक्षांचीच. म्हणून मी त्यांच्या सालदाराला, म्हणजे सालाने ठेवलेल्या गड्याला, ठाण्यात बोलावलं. पोळ्यातले नवे कपडे अंगावर घालूनच तो आला. पन्नाशीचा, मिशाळ, अंगाने कणखर.

माझ्या हवालदाराने आधी आवाज चढवून पाहिला. सालदार ढिम्म. "मालकाले इचारा," एवढंच उत्तर. मी त्याच्याकडे बारकाईने पाहत होतो. मालकाच्या हुकमाने वाईट काम करणारा गडी खाली पाहतो, हातांशी चाळा करतो. हा सरळ माझ्याकडे पाहत होता. काहीतरी लपवत होता, पण लाज वाटत नव्हती. मालकाने टिनं विकून खाल्ली, हा माझा पहिला अंदाज तिथेच डळमळला.

मी हवालदाराला चहा आणायला पाठवलं आणि विषय बदलला. पोळ्यातल्या जोड्यांवर बोलू लागलो. कुणाचा बैल किती देखणा, कुणाच्या शिंगांना कसा रंग. मग म्हणालो, "तुझी जोडी दिसायला छान हो. पण नुसती मिरवायची. गुबगुबीत झालेत. ओझं लावलं तर बसतील खाली."

आदल्याच दिवशी ज्या बैलांना आपल्या हाताने न्हाऊ घातलं, खांद्याला लोणी-हळद चोळली, पुरणपोळी चारली, त्यांच्याबद्दल कुणी असं बोललं तर कोणता सालदार गप्प बसेल? हा तर उठून उभाच राहिला.

"काय मंता सायेब! पोहरादेवीच्या वाटंचा चढ पाह्यला काय तुमी? भरली गाडी एका दमात वर नेली त्याईनं! कुठी थांबली नाही, की मले उतरा लागलं नाही!"

"भरली? कशानं?"

तो हळूच खाली बसला आणि कपाळाला हात लावला. "हाणा मले सायेब," म्हणाला. "बैलापायी तोंड सुटलं."

मी हाणलं नाही, चहा पाजला. मला हवं ते मिळालं होतं. चोरीची टिनं विकायची तर गाडी खाली उतरते, बाजाराच्या रस्त्याला लागते. डोंगर चढून वर कुणी टिनं विकायला नेत नाही. वर गिऱ्हाईकच नाही.

दुसऱ्या दिवशी हवालदाराला घेऊन तो चढ चढलो. डोंगरापलीकडे, दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत, एक लहानशी वस्ती होती. उन्हाळ्यात तिथे आग लागून बहुतेक झोपड्या जळाल्या होत्या. अर्धवट जळक्या मेढी तशाच उभ्या होत्या आणि त्यांच्यावर नवीकोरी टिनं चमकत होती. कडेला लाल अक्षरांत शाळेचं नाव. पावसाची झड चालू होती. आत चुली पेटलेल्या, पोरं कोरडी.

खाकी कपडे पाहून एक म्हातारी बाहेर आली. "भाऊसाहेबानं देल्ली," ती म्हणाली. "वाटंनं जाऊन राह्यले होते, आमाले उघड्यावर पाह्यलं अन् चवथ्या रोजी गाडी धाडली. कोनाले सांगू नका मनले." मग माझ्या हवालदाराच्या हातातल्या दोराकडे पाहून तिने विचारलं, "परत नेता काय बाप्पा?"

नियमाप्रमाणे मुद्देमाल ताब्यात घ्यायला हवा होता. ऐन पावसात त्या लेकरांच्या डोक्यावरची टिनं उतरवायची? मी जागेवरच पंचनामा केला, मुद्देमाल जागेवरच ठेवला असं लिहिलं आणि खाली सही ठोकली. वरिष्ठांनी विचारलं असतं तर उत्तर तयार होतं. त्यांनी विचारलं नाही.

परत येऊन थेट अध्यक्षांच्या ओसरीवर गेलो. वस्तीवर जाऊन आलो, हे आधी सांगून टाकलं.

"चांगलं काम केलंत," मी म्हणालो. "मग सांगितलं का नाही?"

"वाटलं होतं, अकोल्याहून दुसरी आणू. पर टिनाचं सरकारी परमिट भेटूनच नाही राह्यलं. अन् सांगावं कसं? लोक मनतील, दुसऱ्याच्या टिनावर दानशूर झाला."

"देण्याआधी विचारायचं."

"साहेब, मी अध्यक्ष हो." त्यांनी अगदी मनापासून सांगितलं. "अध्यक्षानं काय दरवेळी इचारत फिराचं?"

मला हसू आलं, पण दाबलं. त्यांना कलम समजावलं. विश्वासाने सोपवलेली वस्तू परस्पर दिली, हेतू चांगला होता की नव्हता ते कोर्ट ठरवील. मुलीचं नाव कापलं ते मात्र कुठल्याही हेतूने चांगलं नव्हतं. "शाळेच्या पटांगणात सगळ्या पालकांना बोलवा आणि स्वतःच्या तोंडाने सांगा," मी म्हटलं. "मग मला काय अहवाल लिहायचा ते मी पाहतो."

दवंडी पिटली. गावोगावचे पालक आले, बायाही आल्या. शाळा सुरू झाल्यापासून असं बोलावणं पहिल्यांदाच आलं होतं. माझे शिपाई कडेला उभे होते, कारण काहींनी काठ्या आणल्या होत्या. अध्यक्ष उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. आवाज सुरुवातीला अडखळला, मग सरळ झाला.

ते बोलून बसले. मग तो झडतीवाला शेतकरी उठला.

"भाऊसाहेब, आमाले इचारलं असतं तं आमी काय नाही मनलो असतो? आमच्याच गाड्या जुपून, आमच्याच हातानं नेऊन देल्ली असती टिनं. तुमी एकल्यानं पुन्य केल्लं अन् आमाले चोर शोधत फिरवलं."

माझे डोळे भरून आले होते, हे इथे लपवण्यात अर्थ नाही. काठ्या कधी खाली ठेवल्या गेल्या ते मला कळलंही नाही. टिनं वस्तीवरून परत आणायची नाहीत, हे बोलण्याची गरजच पडली नाही. वर्गांवर बांबू आणि सागाची पानं कधी टाकायची, एवढ्यावरच चर्चा झाली. दर तिमाहीला पटांगणातच सभा घ्यायची हेही ठरलं आणि अध्यक्षांनी मान हलवली.

हेडमास्तर पुढे येऊन म्हणाले, "मुलीचं नाव मी उद्याच परत लावतो."

"मले नोका सांगू," शेतकरी म्हणाला. "नाव तिचं कटलं. तिले इचारा."

मुलगी बायांमध्ये आईजवळ बसली होती. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. अध्यक्ष उठले, चालत तिच्यापर्यंत गेले आणि म्हणाले, "येजो बाई उद्यापासून शाळेत."

मुलगी उभी राहिली. पदर नीट केला. आई तिला ओढून खाली बसवत होती, पण ती बसली नाही.

"माहं नाव कोनी काटलं जी?" तिने विचारलं. "कोनाले इचारून काटलं?"

चौदा-पंधरा वर्षांची पोर, भर सभेत, गावच्या सर्वांत मोठ्या माणसाला. मला वाटलं, आता सगळं जमलेलं बिघडतं.

अध्यक्षांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "मीच काटलं," ते म्हणाले. "कोनालेच इचारलं नाही. चुकलो."

"मंग येईन," मुलगी म्हणाली आणि खाली बसली.

हेतू बेइमानीचा नव्हता, असा अहवाल मी पाठवला आणि प्रकरण बंद केलं. पुढे माझी बदली झाली. मुलगी मॅट्रिक झाल्याचं मला अध्यक्षांच्याच पत्रातून कळलं, आणि त्या दिवशी ठाण्यात सगळ्यांना माझ्याकडून पेढे.

पोलिसाच्या नोकरीत मी पुष्कळ कबुलीजबाब घेतले. त्यासाठी दरडावलं, गोड बोललो, बैलांची निंदाही केली. पण ज्याचं नुकसान झालं त्याने चारचौघांत समोर उभं राहून सरळ विचारावं आणि ज्याने केलं त्याने तिथेच सरळ सांगावं, यापेक्षा चांगली चौकशी मला कधी जमली नाही. त्या गावाला ती एका नववीतल्या मुलीने शिकवली, आणि मी तेव्हा कडेला उभा राहून नुसता ऐकत होतो.